तेवीस ठिकाणं, सात दिवस आणि दोघी बहिणी

पत्र : "ताई, मी ठाण्यात चरईत राहते, नोकरी ऐरोलीला. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात माझी आई (वय ६६) आणि मावशी (वय ७०) उदगीरहून आमच्याकडे येताहेत. शनिवारी सकाळी उतरतील, पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीने परत. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मावशीचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ती कुठे गेलेलीच नाही. तिचे गुडघेही दुखतात. मी सोमवार-मंगळवार रजा टाकलीय, बाकी तीन दिवस ऑफिस. देवळं, बाजार, म्युझियम, नाटक अशी २३ ठिकाणांची यादी केलीय. रविवारी टिटवाळा आणि वज्रेश्वरी, सोमवारी घारापुरी, मंगळवारी सिद्धिविनायक, मुंबादेवी आणि बाणगंगा. नवरा म्हणतो, रोज गाडी ठरव आणि मोकळी हो. आईला विचारलं तर 'तू नेशील तिथे.' मावशी एवढंच म्हणाली, 'समुद्र बघू गं एकदा.' यादीतलं काय ठेवू, काय काढू?"

प्रिय मैत्रीण,

आधी रजा बदला. सोमवार-मंगळवारऐवजी बुधवार-गुरुवार घ्या. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. आणि मंगळवारी सिद्धिविनायकाला सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला नेणं म्हणजे दर्शन घटकाभराचं आणि रांग दिवसभराची. घारापुरी तर यादीतून काढूनच टाका. बोटीत चढा-उतरायचं, मग शंभरावर पायऱ्या. तिथली त्रिमूर्ती आयुष्यात एकदा बघावी अशीच आहे, पण या खेपेला नाही.

काही वर्षांपूर्वी माझे काका-काकू सातारकडून आले होते. मी हौसेने गाडी ठरवली आणि एका दिवसात सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, गेटवे, राणीची बाग असं सगळं 'दाखवलं'. संध्याकाळी घरी आल्यावर काकू पलंगावर टेकल्या, पायांतली जोडवी हाताने सैल करत राहिल्या. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "सगळं छान होतं बाई, पण कुठं बसायलाच मिळालं नाही." त्यांना मुंबईतलं पुढे आठवायचं ते आमच्या खालच्या भाजीवालीचं. ती त्यांना रोज 'मावशी, आज मेथी बघा' म्हणायची. तेव्हापासून पाहुणे येणार म्हटलं की मी ठिकाणं मोजत नाही. बसायला कुठे मिळेल ते आधी बघते.

तुमच्या पत्रात मला दोन गोष्टी दिसतात. मावशी दोन वर्षं घराबाहेर पडलेल्या नाहीत. आणि तुम्ही तीन दिवस ऑफिसात असणार. हे तीन दिवस तुम्हाला अडचणीचे वाटताहेत, म्हणून बाकीच्या दिवसांत तुम्ही सगळं कोंबलंय. मला मात्र तेच तीन दिवस या आठवड्यातले सगळ्यात मोलाचे वाटतात. त्या दिवशी दोघी बहिणींना स्वतःच्या पायांनी, कोणाचा हात न धरता, कोणाच्या वेळेला बांधून न घेता फिरता आलं पाहिजे. तुम्ही चरईत राहता, तळं, देऊळ, बाजार सगळं चालण्याच्या अंतरावर, हे त्यांचं नशीब. घोडबंदर रोडच्या टोकाला असतात, तर मी हे सुचवलं नसतं.

त्यांना एक वाट द्या. घरातून निघायचं, तलावपाळीचं तळं, कौपिनेश्वराचं देऊळ, जांभळी नाक्याचा बाजार आणि परत. शनिवारी त्या उतरल्यावर दिवसभर काही करू नका, रात्रीच्या प्रवासाने अंग आंबलेलं असतं. आंघोळ, जेवण, झोप. संध्याकाळी पाच-साडेपाचला त्यांना घेऊन चालत निघा आणि ही वाट एकदा हळूहळू दाखवा. रस्त्यांची नावं सांगू नका, त्या वयात नावं राहत नाहीत. खुणा सांगा : इथे औषधाचं दुकान, इथे फुलवाली बसते, इथे तळं दिसायला लागलं की सरळ. रविवारी सकाळी पुन्हा तीच वाट, पण आता मावशींना पुढे चालू द्या. तुम्ही दहा पावलं मागे राहा. चुकल्या तरी लगेच हाक मारू नका, आई सांगतील त्यांना. सोमवारी दोघी एकट्या जातील. घराची जादा किल्ली, दोघींच्या पर्समध्ये पत्ता आणि तुमचा नंबर लिहिलेला जाड कागद, थोडे सुटे पैसे. पाय दुखले तर रिक्षा करायची, मीटरने, आणि तो कागद पुढे करायचा. एवढी तयारी पुरते.

आता या वाटेवर आहे काय, असं तुमच्या मनात येईल. रोज आपण स्टेशनच्या घाईत तिथून जातो, म्हणून आपल्याला दिसत नाही.

कौपिनेश्वराचं देऊळ मूळ शिलाहार राजांच्या काळातलं. शिलाहारांचं श्रीस्थानक म्हणजेच आपलं ठाणं. पुढे पोर्तुगीज आले, आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं परत घेतलं. त्यानंतर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० मध्ये देऊळ पुन्हा बांधलं. हे साल आईंना मुद्दाम सांगा. उदगीरच्या माणसाला १७६० वेगळं सांगावं लागत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला हरवलं आणि तिथून पुढे फौजा पानिपताच्या वाटेला लागल्या. ज्या गावच्या किल्ल्याखाली त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, त्या गावात लढाई चालली होती त्याच साली इथे हे देऊळ उभं राहिलं. शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला हे दिलंत, तर ती गाभाऱ्यातली भलीमोठी पिंड वेगळ्याच नजरेने बघेल. आवारात इतर देवांची छोटी देवळं आहेत आणि बसायला जागा आहे. शक्यतो सकाळी जाऊ द्या. सोमवारी गर्दी थोडी जास्त असते, पण महादेवाचा वार म्हणून मावशींना तोच आवडेल.

तलावपाळीच्या काठावर कट्टे आहेत, झाडं आहेत, संध्याकाळी सगळं गाव तिथे फिरायला येतं. त्याच काठावर सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे, १६६३ मधलं. आणि टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायली, म्हणजे इथल्या ज्यू लोकांचं सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनास्थळ आहे, १८७९ चं. ही माणसं कोकणात तेलाच्या घाण्याचा धंदा करायची आणि शनिवारी काम बंद ठेवायची, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची घरची भाषा मराठीच. सिनेगॉग बाहेरूनच बघावं, आत जायला परवानगी लागते. आईंना हे सगळं पायी, एका संध्याकाळी बघता येईल.

आणि जांभळी नाका. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाजार हा तुमच्या यादीत 'शॉपिंग' म्हणून एका ओळीत आलाय. जानेवारीत हा बाजार सगळ्यात देखणा असतो. लालबुंद गाजरं, ओला हरभरा गड्ड्यांनी, पावट्याच्या शेंगा, बोरं, उसाचे तुकडे, तिळाचे ढीग, तीन-चार प्रकारचा गूळ. उदगीरच्या बायका हे सगळं शेतातून आलेलं बघतात, येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, तर रानात बसून जेवतात. त्यामुळे त्या इथे नुसत्या बघणार नाहीत, बोलणार. हरभऱ्याचा भाव ऐकून कपाळाला हात लावतील, गूळ जिभेवर ठेवून बघतील, वांगी हातात घेऊन परत ठेवतील. ते होऊ द्या. तुम्ही सोबत असलात की घड्याळ बघाल, म्हणून सोबत नकोच.

पण त्यांना बाजारात नुसतं पाठवू नका, काम देऊन पाठवा. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतात. बुधवारी रजा घेऊन घरी हळदीकुंकू ठेवा, आणि लुटायचं वाण, तिळगूळ, फुलं, गजरे हे सगळं आणायची जबाबदारी दोघींवर सोपवा. सोमवारी चार दुकानांत नुसती चौकशी करायची, मंगळवारी घ्यायचं. वाण काय घ्यायचं तेही त्यांनाच ठरवू दे, मग ती स्टीलची वाटी असो की कापडी पिशवी. तुम्हाला आवडलं नाही तरी तेच लुटा.

हळदीकुंकवाचा विषय काढला आणि मावशींचे यजमान नाहीत, हे मी विसरलेले नाही. म्हणूनच काढला. आपल्याकडे अशा दिवशी एखादी बाई आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसते, आणि आपण तिला 'बरं वाटत नाहीये' असं म्हणून मोकळे होतो. तुमच्या घरात हे होऊ देऊ नका. पण चारचौघींसमोर एकदम कुंकवाची डबी पुढे करून त्यांना पेचात टाकूही नका. सत्तर वर्षांचे संस्कार असतात, त्या गांगरतील, कदाचित रडतील. रविवारी किंवा सोमवारी रात्री, आई झोपल्यावर, त्यांच्याजवळ बसून विचारा : "मावशी, बुधवारी तू माझ्याजवळ बसशील ना? पहिलं वाण मला तुला द्यायचंय." कुंकू नको म्हणाल्या तर अत्तर, फूल, तिळगूळ आणि वाण. हो म्हणाल्या तर हळदीकुंकूही लावा. येणाऱ्या शेजारणींना आधी कल्पना देऊन ठेवा, म्हणजे कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक अख्खं गाव ठरवू शकतं, तर चरईतल्या एका बैठकीच्या खोलीला ते जड नाही. मावशींनी ठाम नकार दिला तर मात्र मान ठेवा, आणि त्यांच्याच हाताने सगळ्यांना तिळगूळ वाटायला द्या.

गुरुवारी मुंबई. एकच दिवस, आणि त्यात दोनच गोष्टी : सिद्धिविनायक आणि समुद्र. मुंबादेवी, बाणगंगा, म्युझियम, मंगळदास मार्केट सगळं पुढच्या खेपेला. सकाळी दहाच्या आधी लोकलचं नाव काढू नका. अकराच्या सुमाराला ठाण्याहूनच सुटणारी स्लो गाडी धरा. ती इथूनच भरते, त्यामुळे बायकांच्या डब्यात तिघींना बसायला मिळतं. फास्ट गाडीने पंधरा मिनिटं वाचतील, पण कल्याणकडून भरून आलेल्या डब्यात मावशींना चढवावं लागेल. प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना सांगा की देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली ती याच ठाण्याला येऊन थांबली.

दादरला उतरून टॅक्सीने प्रभादेवी. ज्येष्ठांना रांगेत सवलत असते, दारातच विचारा. हे देऊळ १८०१ मध्ये बांधलं गेलं, त्यासाठी पैसा दिला देऊबाई पाटील नावाच्या बाईंनी. त्यांना मूल नव्हतं, आणि इथे येणाऱ्या दुसऱ्या बायकांची कूस उजवावी म्हणून त्यांनी देऊळ बांधवलं, असं सांगतात. टीव्हीवर सोन्याचा कळस आणि रांगा दिसतात, देऊबाई दिसत नाहीत. मावशींना त्या सांगा.

दुपारी कुठेतरी पंख्याखाली नीट बसून जेवा आणि तीन-साडेतीनला टॅक्सीने गिरगाव चौपाटीला जा. गेटवेला समुद्र भिंतीपलीकडे असतो. मावशींना समुद्र बघायचाय, म्हणजे पायाला लागला पाहिजे. गिरगावला वाळू रुंद आहे, पाण्यापर्यंत चालत जाता येतं. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. ओहोटी असेल तर पाणी बरंच आत गेलेलं असतं आणि ओल्या वाळूत पाय रुततात, तेव्हा हात धरा. गुडघेदुखीच्या माणसाला वाळूत खाली बसता येतं पण उठता येत नाही, म्हणून घडीचं एक छोटं स्टूल पिशवीत टाका. एक टॉवेल आणि जुनी चप्पलही. मग काही करू नका. भेळ खा, बसा. त्या दिवसांत सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो. त्या दोघी काय बोलतील त्यात तुम्ही पडू नका, लागलंच तर पाण्याची बाटली घ्यायच्या निमित्ताने थोडं लांब जा. लग्नं झाल्यापासून या दोघी बहिणी एकमेकींसोबत सलग आठ दिवस किती वेळा राहिल्या असतील, विचार करून बघा.

आता तुमच्या यजमानांची गाडी. ती इथे लागेल. संध्याकाळच्या गर्दीत या दोघींना लोकलमध्ये घालायचं नाही, चौपाटीहून थेट घरापर्यंत गाडी करा. ट्रॅफिक लागेल, पण त्या बसलेल्या असतील, झोपतीलही. आठवडाभराच्या गाडीचे पैसे वाचवा आणि या एका खेपेला हात आखडू नका.

नाटक रविवारी ठेवा. गडकरी रंगायतन तलावपाळीसमोरच आहे, १९७८ पासून. वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघा आणि नाटक आईंना निवडू द्या. इथे मात्र 'तू नेशील तिथे' चालवून घेऊ नका, फोन करून तीन नावं वाचून दाखवा आणि एक म्हणायला लावा. बाल्कनीची तिकिटं घेऊ नका, जिना आहे. खाली, रांगेच्या कडेच्या खुर्च्या मागा, म्हणजे मावशींना मधेच उठायचं झालं तर कोणाच्या पायांवरून जायला नको. दुपारचा प्रयोग मिळाला तर उत्तम.

शुक्रवारी तुम्ही ऑफिसात आणि त्या कालच्या दगदगीनंतर घरी. वाटलं तर संध्याकाळी तळ्यावर जातील. आईंना वाचायची सवय असेल तर मराठी ग्रंथ संग्रहालय दाखवून ठेवा. १८९३ पासून चालू असलेली संस्था आहे. आयुष्यभर फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईला असल्या जागी एक सकाळ बरी वाटते.

शेवटच्या शनिवारी सकाळी अंबरनाथ. हे तुमच्या यादीत नव्हतं, मी घालते आहे, आणि यासाठी टिटवाळा आणि वज्रेश्वरी दोन्ही काढते आहे. सकाळची गर्दी मुंबईच्या दिशेने असते, त्यामुळे उलट्या दिशेच्या अंबरनाथ किंवा बदलापूर लोकलमध्ये ऐसपैस बसायला मिळतं. पाऊण तासाच्या आत पोचता, पूर्वेला उतरून रिक्षा. देऊळ इसवी सन १०६० चं, काळ्या पाषाणातलं, शिलाहारांनीच बांधलेलं. म्हणजे कौपिनेश्वरापासून सुरू झालेला धागा तिथे जाऊन लागतो. भिंतींवर इंचभर जागा मोकळी नाही, सगळीकडे कोरीव काम. गाभारा जमिनीच्या खाली आहे, सभामंडपातून पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वर शिखर अपुरं असल्याने पिंडीवर थेट आकाश दिसतं. मराठवाड्यातल्या माणसाला हे बघताना औंढ्या नागनाथाचा खाली उतरायचा गाभारा आठवेलच. मावशींनी उतरायचा हट्ट धरला नाही तर बरं. वरच्या उंबऱ्याजवळून दर्शन होतं, आई खाली जाऊन तीर्थ आणतील. बाहेरच्या भिंती बघायला मात्र अर्धा तास द्या, फिरत फिरत, थांबत थांबत. बाराच्या आत घरी परत.

खाण्याचं थोडक्यात. मामलेदारची मिसळ खाऊ घाला, पण ती तिखट असते. लातूरकडच्या माणसांना तिखटाचं कौतुक नसतं हे मला ठाऊक आहे, तरी मावशींसाठी 'मिडियम' सांगा. रोज एक वेळ घरी ज्वारीची भाकरी असू द्या. त्या येण्याआधीच चक्कीवरून ताजं पीठ आणून ठेवा, पाकिटातल्या पिठाची भाकरी त्यांच्या हाताला वळणार नाही आणि दोष मात्र त्या स्वतःच्या हाताला देतील.

शनिवारी रात्री गाडी आहे, तेव्हा दुपारी झोपू द्या आणि सामान चारच्या सुमाराला आवरायला घ्या, आधी नको. बाजाराची वाट पाठ झालेली असेल, त्यामुळे संध्याकाळी 'जरा जाऊन येतो' म्हणतील. जाऊ द्या. उदगीरला नेण्यासाठी काहीतरी आणतील, बहुतेक तुमच्या दृष्टीने तिथेही मिळणारं. पिशवीत जागा ठेवा. आणि वाणातली एक वाटी उरली असेल तर ती मावशींच्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत घालून द्या.

तुमची,
ताई